बाईंना विचारा : ऋषिकेशचे सात दिवस

दोन अंकांपूर्वी याच सदरात मी एका वाचकाला लिहिलं होतं, की ऋषिकेश शनिवार-रविवारात उरकू नका, आठवडा काढा, आणि नदीत उतरण्याआधी दोन दिवस तिच्या काठानं चाला. त्या ओळीवर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. काही जणांनी तर आपले आठवड्याचे बेत वहीच्या पानावर आखून, रकाने पाडून पाठवलेत. मी शाळेत होते तेव्हा वेळापत्रक करायचं काम माझ्याकडेच असायचं, त्यामुळे रकाने बघून हात शिवशिवतात. निवडक पत्रं घेतली आहेत. ज्यांचं उत्तर लांबलं, त्यांचा प्रश्नच तसा होता.

प्रश्न : बाई, मी ५२ वर्षांची, सांगलीत घरगुती मसाले करून विकते. माझी नणंद ४९ची. मुलं मार्गी लागली, म्हणून ऑक्टोबरअखेर आम्ही दोघीच ऋषिकेशला जायचं ठरवलंय. दोघींनाही पोहता येत नाही. घरचे म्हणतात, गंगेवर निघालाच आहात तर डुबकी मारा आणि गुपचूप परत या, रबराच्या होडीत बसायचं हे वय आहे का? एका एजंटानं पहिल्या दिवशी २६ किलोमीटर राफ्टिंग, दुसऱ्या दिवशी बंजी (पायाला दोर बांधून उंचावरून उडी), तिसऱ्या दिवशी ट्रेक असा बेत करून दिलाय. झेपेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, तुमच्या एजंटाचा कागद वाचला. सात दिवसांत अकरा गोष्टी बसवल्यात आणि झोप एकदाही नाही. तो कागद मसाल्याच्या पुड्या बांधायला वापरा.

आधी पोहण्याचं बोलू, कारण तुमची खरी भीती तीच आहे. मी कऱ्हाडची. कृष्णा आणि कोयना जिथे समोरासमोर येऊन भेटतात त्या प्रीतिसंगमावर वडिलांनी पाठीला वाळका भोपळा बांधून मला पाण्यात सोडलं, तेव्हा मी सात वर्षांची होते. पुढच्या वर्षी भोपळा सुटला. मग तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवताना मुलींना पोहायला शिकवलं. त्यामुळे २०१४च्या नोव्हेंबरात ऋषिकेशच्या वरच्या अंगाला शिवपुरीच्या काठावर गाइड सूचना देत होता, तेव्हा मी पलीकडच्या झाडावरची माकडं बघत होते. आपल्याला काय पाणी शिकवणार हा पोरगा!

शिवपुरीहून खाली येताना ‘रिटर्न टू सेंडर’, ‘रोलर कोस्टर’ आणि मग ‘गोल्फ कोर्स’ असे रॅपिड लागतात. रॅपिड म्हणजे काय ते सांगते. बाजूचे ओढे पावसाळ्यात धोंडे आणून नदीत टाकतात, पात्र आवळतं, तळ एकदम उतरतो आणि पाणी उभ्या लाटा करून उसळतं. समुद्राची लाट पुढे सरकते. ही जागच्या जागी उभी असते आणि तुम्ही तिच्यात जाता. गोल्फ कोर्सला आमची राफ्ट कलंडली. आठातले पाच पाण्यात, त्यात मी.

कृष्णेत ओढ लागली तर तिरकं पोहत काठ धरायचा आणि पायाला तळ लागला की उभं राहायचं, हे माझ्या अंगात मुरलेलं. मी तेच करायला गेले. मागून गाइड कोकलत होता, “माताजी, पैर ऊपर! पैर ऊपर!” मला वाटलं घाबरून ओरडतोय. त्यानं नंतर काठावर समजावलं, की वाहत्या पाण्यात उभं राहिलं आणि पाऊल दोन धोंड्यांत अडकलं तर पाणी मागून ढकलत राहतं, माणूस पुढे पालथा पडतो, आणि मग कमरेएवढं पाणीसुद्धा पुरतं. म्हणून पडल्यावर उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेला, पायाची बोटं पाण्याबाहेर दिसली पाहिजेत. जॅकेट तरंगवतं. लाट संपली, पाणी शांत झालं की मग हात मारायचे किंवा फेकलेली दोरी धरायची. आमच्यात इंदूरची एक मुलगी होती, पोहण्याचा गंध नाही. ती पडल्याबरोबर सांगितल्यासारखी उताणी झाली आणि माझ्या आधी कयाकवाल्यापर्यंत, म्हणजे बचावासाठीच्या छोट्या होडीपर्यंत पोचली. मी गुडघा फोडून घेतला, चष्मा गमावला आणि पाणी प्यायले ते वेगळंच.

तेव्हा तुम्हा दोघींना पोहता येत नाही याची मला चिंता नाही. जॅकेटची आहे. मला त्या दिवशी एक माप मोठं दिलं होतं आणि मीही बोलले नाही. जॅकेटचे सगळे पट्टे आवळा, मग नणंदेला सांगा, खांद्याशी धरून जोरात वर ओढ. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते तुमचं नव्हे, दुसरं मागा. हेल्मेट कपाळावर हवं, मागे कलतं नको. रक्तदाब, हृदयाचा त्रास, मणक्याचं दुखणं असेल तर ते लपवून फॉर्म भरू नका. कंपनीकडे राज्याच्या पर्यटन विभागाचा परवाना आहे का, आपल्या राफ्टबरोबर बचावासाठी कयाक आहे का, हे दोन प्रश्न पैसे देण्याआधी विचारा. जो उत्तर द्यायला वैतागतो त्याच्याकडे बसू नका.

आता दिवस. मिरजेहून गोवा एक्सप्रेसनं निजामुद्दीन, तिथून हरिद्वार, तिथून पंचवीस-एक किलोमीटर ऋषिकेश. पोचाल तेव्हा पावलं सुजलेली असतील. हा प्रवास सात दिवसांत धरू नका, वेगळा ठेवा.

राहायला तपोवनात हॉस्टेलं आणि कॅफे खूप, पण रात्री गाण्यांचा दणदणाट. तुम्ही नदीच्या डाव्या काठाला स्वर्गाश्रमात राहा. आश्रमांच्या खोल्या साध्या असतात, गल्ल्या अरुंद, गायी निवांत. एक गंमत सांगते. ज्याला आपण सरसकट ऋषिकेश म्हणतो ते तीन जिल्ह्यांत आहे. मूळ गाव डेहराडून जिल्ह्यात, मुनी की रेती आणि तपोवन टिहरीत, स्वर्गाश्रम पौडीत. चहाला पूल ओलांडला की जिल्हा बदलतो.

पहिल्या दिवशी घरच्यांना दिलेला शब्द पुरा करून टाका. त्रिवेणी घाटावर साखळी धरून डुबकी मारा, संध्याकाळची आरती तिथेच बघा. परमार्थ निकेतनची आरती देखणी असते, पण तिथे फोन वर धरलेल्या हातांमधून नदी शोधावी लागते. त्रिवेणीवर गावातली माणसं जास्त असतात. दुसऱ्या दिवशी जानकी सेतूपासून डाव्या काठानं लक्ष्मण झुल्याकडे चालत जा. जुना झुला १९३० साली खुला झालेला. त्याच्या आधीचा पूल १९२४च्या पुरानं नेला होता. २०१९मध्ये धोका वाढला म्हणून तोही बंद केला, त्यामुळे चालत पार व्हायला राम झुला किंवा जानकी सेतू धरा. वाटेत वाळूवर तासभर बसा आणि वरून येणाऱ्या राफ्ट बघा. कुठली राफ्ट सरळ येते, कुठली आडवी होते, गाइड कधी ओरडतो, कोण वल्हं टाकून दोरी धरतं. त्या तासाची फी नसते आणि तिसऱ्या दिवशी तोच कामाला येतो.

तिसऱ्या दिवशी ब्रह्मपुरीहून निघणारा छोटा टप्पा करा. नऊ किलोमीटर, दीड तासाचा खेळ. ‘डबल ट्रबल’, ‘हिल्टन’, ‘टर्मिनेटर’ ही नावं ऐकून घरी फोन करू नका. नावं ठेवणाऱ्यांना मजा करायची होती. हा दिवस सोमवार ते गुरुवारमध्येच पाडा. शनिवारी दिल्ली आणि आसपासची सगळी मोटारगाडी इथे उतरते, नदीत राफ्टमागे राफ्ट लागते आणि सूचना दोन मिनिटांत गुंडाळल्या जातात. राफ्टमध्ये पुढच्या दोन जागा तरण्याताठ्यांना द्या, लाट आधी त्यांच्या तोंडावर फुटते. तुम्ही मधे बसा, पाय पुढच्या फुगवट्याखाली घट्ट रोवा, वल्ह्याच्या टोकाची मूठ हातातून सोडू नका. सुटलेली मूठ शेजारच्याचे दात पाडते. नदीपेक्षा त्याच जखमा मी जास्त पाहिल्यात.

चौथा दिवस रिकामा. रिकामा म्हणजे रिकामाच. दंड आणि बरगड्या दुखतील. कढी-चावल खा, बुरांशाचं, म्हणजे तिकडच्या डोंगरातल्या लाल फुलांचं सरबत मिळालं तर प्या, आणि वाटलंच तर नीर गडच्या धबधब्यापर्यंत जाऊन पाय बुडवून या.

पाचव्या दिवशी शिवपुरीचा सोळा किलोमीटरचा टप्पा. पण एका अटीवर. तिसऱ्या दिवशी काठावर उतरताना दोघी हसत होतात का? एक जरी गप्प होती तरी दुसरीनं आग्रह करायचा नाही. ‘एवढ्या लांब आलो, पैसे भरले’ हे कारण नदीला चालत नाही. मरीन ड्राइव्हचा २६ किलोमीटरचा टप्पा आणि त्याच्याही वरचा कौडियालाचा, हे या खेपेला नकोत. कौडियालाच्या टप्प्यातच ब्यासीजवळ ‘द वॉल’ लागतो. त्याच्यासमोर सरावलेले गाइडसुद्धा गप्प होतात.

सहाव्या दिवशी पहाटे टॅक्सीनं कुंजापुरी. देवीचं देऊळ डोंगरमाथ्यावर आहे, शेवटी तीनशेच्या आसपास पायऱ्या. ऑक्टोबरअखेर हवा धुतलेली असते, सूर्य वर यायच्या आधी बर्फाची रांग गुलाबी होते. गुडघे साथ देत असतील तर उतरताना पायवाटेनं गावांमधून खाली या. नसतील तर टॅक्सी थांबवून ठेवा.

सातव्या दिवशी देवप्रयाग. बसनं सत्तर किलोमीटर, बद्रीनाथच्याच रस्त्यावर. एकीकडून भागीरथी येते, दुसरीकडून अलकनंदा, दोघींचे रंग वेगळे, आणि गंगा हे नाव तिथून पुढे सुरू होतं. घाटाला साखळ्या आहेत, धरल्याशिवाय पायरी उतरू नका. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा प्रीतिसंगमाची आठवण येईल असं वाटलं होतं. आली नाही. कृष्णा-कोयना भेटतात तेव्हा शांत होतात. इथे आवाजानं बोलणं ऐकू येत नव्हतं.

राहता राहिली तुमच्या एजंटाची बंजी. ते पुढच्या मुलाच्या उत्तरात वाचा.

प्रश्न : मी २३ वर्षांचा आहे, पहिली नोकरी, पहिलाच एकट्याचा प्रवास. मित्र म्हणतात, ऋषिकेशला जाऊन बंजी नाही मारली तर तिकिटाचे पैसे फुकट. मला दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवरूनसुद्धा खाली बघवत नाही. भीती घालवायला उडी मारावी का? आणि हॉस्टेलमध्ये राहणं सुरक्षित असतं का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : अरे, मी मारलेली नाही. मोहनचट्टीला गेले होते, पैसे भरले होते, काट्यावर उभं करून त्यांनी वजन घेतलं, आकडा हातावर लिहिला, पायाला पट्टे बांधले. फळीच्या टोकाला गेले. खाली ८३ मीटरवर एक बारीकशी उपनदी, धोंडे, आणि पाठीमागे आकडे मोजणारा मुलगा. “एक”च्या आधी मी म्हटलं, नको. त्यानं पुन्हा एकदा विचारलं, मी पुन्हा नको म्हटलं, त्यानं पट्टे सोडले. पैसे परत मिळत नाहीत. परतीच्या वाटेवर एक कॉफी प्यायले, ती मला त्या आठवड्यातली सगळ्यात चांगली लागली.

तू काय करावंस हे मी सांगणार नाही. पण उडीनं भीती जाते असं समजून जाऊ नकोस. माझ्याबरोबरच्या एका बाईंनी मारली, छान मारली, आणि त्या अजूनही गच्चीच्या कठड्याला टेकत नाहीत. ज्याला उडी मारायची मजा वाटते त्यानं मारावी. मित्रांना दाखवायला व्हिडिओ हवा असेल, तर तो व्हिडिओ मित्र पंधरा सेकंद बघतील आणि पुढे सरकतील. मारलीसच तर एक गोष्ट कुणी सांगत नाही ती ऐक. उडी काही सेकंदांची, पण तुला खाली नदीच्या पात्रात उतरवतात आणि वर यायची उभी चढण पायी चढावी लागते. थरथरत्या पायांनी. पाण्याची बाटली खाली मिळेल या भरवशावर राहू नकोस. डोळ्यांच्या पडद्याचा, पाठीचा किंवा रक्तदाबाचा काही त्रास असेल तर विषयच संपला.

मोहनचट्टी नावावरून आठवलं. गाड्यांचा रस्ता नव्हता तेव्हा चारधामचे यात्रेकरू पायी जायचे. ठरावीक चालीवर मुक्कामाची जागा असायची, तिला चट्टी म्हणायचे. गरुडचट्टी, फूलचट्टी, मोहनचट्टी ही सगळी तीच नावं. काली कमलीवाल्या बाबांच्या संस्थेनं या वाटेवर धर्मशाळा उभारल्या, गरिबाला शिधा दिला. त्या यात्रेला निघण्याआधी माणसं घरच्यांचा कायमचा निरोप घेऊन निघत. तुझा तो अवघड प्रवास आता उडी मारायच्या फळीपर्यंत आलाय, एवढंच.

हॉस्टेलचं म्हणशील तर डॉर्म, म्हणजे अनेकांनी मिळून राहायच्या खोल्या, चांगल्या असतात, स्वतःचं कुलूप ने, खिडकीजवळची खालची खाट माग. संध्याकाळी गच्चीवर ओळखी होतात, त्यातून दुसऱ्या दिवशीची टॅक्सी वाटून घेता येते. भाड्याची स्कूटर मिळेल, पण अंधार पडल्यावर बद्रीनाथच्या रस्त्यावर नेऊ नकोस. तो तीर्थयात्रेचा आणि मालाचा महामार्ग आहे, वळणावर ट्रक तुझ्यासाठी थांबणार नाही. एक सकाळ चौरासी कुटियासाठी ठेव. महर्षी महेश योगींचा हा जुना आश्रम, १९६८मध्ये बीटल्स हा इंग्लंडचा गाजलेला गायकांचा चमू इथे येऊन राहिला आणि ढीगभर गाणी करून गेला. जमीन वनखात्याची. मुदत संपल्यावर आश्रम ओस पडला, जंगल आत शिरलं, आणि २०१५च्या डिसेंबरात वनखात्यानंच तिकीट लावून तो उघडला. गोल दगडी कुट्या, पडक्या भिंतींवर चित्रं, आणि भर दुपारी शांतता. उंचीची भीती असणाऱ्यानं गंगेचं रूप वरून बघायला ही जागा बरी.

प्रश्न : आम्ही नाताळच्या सुट्टीत मुलांना घेऊन जातोय, मुलगी १३, मुलगा ९. राफ्टिंगला वयाची अट असते म्हणे. मुलगी उंच आहे, १५ची म्हणून सहज खपेल. चालेल ना?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही चालणार. राफ्टिंगला साधारण १४ वर्षांची अट आहे आणि ती उंचीसाठी नाही. मोठ्यांचं जॅकेट लहान छातीवर घट्ट बसत नाही, हे कारण आहे. शिवाय डिसेंबरात पाणी असं गार असतं, की पडल्यावर पहिल्या क्षणाला श्वासच अडकतो. मोठी माणसं गडबडतात. मुलीला पुढच्या वर्षी खोटं न बोलता न्या.

मुलांना राजाजी व्याघ्र प्रकल्पात चिला फाटकातून जीपनं न्या. १५ नोव्हेंबर ते १५ जून उघडं असतं, हत्ती दिसायची शक्यता चांगली. वाळूत किल्ले करायला लावा.

पण त्या वाळूबद्दल कडक शब्दांत सांगते. गंगेचा काठ दिसतो उथळ. पांढरी मऊ वाळू, हिरवं पाणी, दोन पावलं गुडघाभर आणि तिसऱ्या पावलाला तळ नाही. त्यात वर टिहरीचं २६० मीटर उंच धरण आहे. वीज काढायला पाणी सोडलं की आभाळात ढग नसताना खाली नदी चढते. मघाशी कोरड्या असलेल्या धोंड्याभोवती पाणी येतं. जॅकेट घालून, गाइडबरोबर राफ्टमध्ये बसलेल्या माणसापेक्षा काठावर फोटोसाठी चार पावलं आत गेलेल्या माणसाची मला जास्त धास्ती वाटते. मुलांनी आंघोळ करायची ती साखळी लावलेल्या घाटावर, आणि तुम्ही त्यांच्या खालच्या बाजूला उभं राहायचं. वरच्या नाही, खालच्या.

प्रश्न : जुलैअखेरचं एक पॅकेज खूप स्वस्त मिळतंय, राफ्टिंगसकट. घ्यावं का?
— एक निवृत्त वाचक, लातूर

उत्तर : राफ्टिंग जुलै-ऑगस्टमध्ये बंद असतं. ज्यानं ते पॅकेजमध्ये लिहिलंय त्याला हे माहीत नाही किंवा पुरेपूर माहीत आहे. दोन्हीपैकी काहीही असलं तरी पैसे देऊ नका.

दुसरं, तिकडचा श्रावण गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लागतो, आपल्या आधी पंधरा दिवस. त्यामुळे आपल्याकडे आषाढ चालू असताना तिकडे कावडयात्रा भरात असते. हरिद्वार ते नीलकंठ महादेवाच्या देवळापर्यंतचा रस्ता भगव्या कावडींनी भरून जातो. ते बघायलाच जायचं असेल तर जरूर जा, बघण्यासारखं असतं. पण मग आठ तास रस्त्यात उभं राहायची तयारी ठेवा आणि दरड कोसळून उशीर झाला तर माझ्या नावानं पत्र लिहू नका.

प्रश्न : बाई, तुम्ही मागे लिहिलंत की कोलाडचं राफ्टिंग म्हणजे ऋषिकेशची रंगीत तालीम. आम्हा रायगडकरांना हे टोचलं. कुंडलिका काय कमी आहे?
— एक वाचक, रोहा

उत्तर : टोचलं असेल तर शब्द मागे घेते, पण अर्धाच.

कुंडलिका वेगळी आहे, कारण तिचं पाणी तिचं नाही. मुळा ही पूर्वेला वाहणारी नदी. टाटांनी मुळशीला तिला अडवली, पाणी घाट उतरवून भिऱ्याच्या वीजघरात आणलं, आणि चाकं फिरवून ते पश्चिमेला कुंडलिकेत सोडलं. म्हणून तुमच्याकडे सकाळी पाणी सुटतं तेव्हा नदी धावते आणि दुपार कलली की तीच नदी धोंड्यांवर वाळत घातल्यासारखी दिसते. म्हणून तर मे महिन्यात, आख्खा कोकण पाण्यासाठी टाहो फोडत असताना, कोलाडला राफ्टिंग होतं. याच पाण्यापायी बुडणाऱ्या गावांसाठी १९२१मध्ये सेनापती बापटांच्या पुढारीपणाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला. तिकडे टिहरीतही जुनं गाव पाण्याखाली गेलं. लाइफ जॅकेट घालून ‘फॉरवर्ड, फॉरवर्ड’ ओरडताना हे कुणाच्या मनात येत नाही. माझ्याही आलं नव्हतं. माझ्या एका विद्यार्थिनीची आजी मुळशी पेट्यातून उठून आलेली, तिनं सांगितलं तेव्हा आलं.

आता उरलेला अर्धा. कोलाडला पाणी ठरलेल्या वेळी येतं, त्याचा अंदाज असतो, थंडी वाजत नाही, पडलात तर कोमट. पहिल्यांदा वल्हं धरायला याहून चांगली जागा महाराष्ट्रात मला माहीत नाही. सांगलीच्या त्या ताईंनी खरं तर निघण्याआधी एक सकाळ तुमच्याकडेच यावं. पण गंगेत हिमालयाचं पाणी असतं. सप्टेंबरअखेर गढूळ आणि माजलेलं, नोव्हेंबरात हिरवं आणि नितळ, एप्रिलपासून बर्फ वितळून पुन्हा चढणारं. एकाच रॅपिडला मी ऑक्टोबरात किंचाळले होते आणि फेब्रुवारीत त्याच जागी गाइडनं आम्हाला खाली उतरवून राफ्ट धोंड्यांवरून ओढायला लावली होती.

प्रश्न : तिथे बिअर मिळते का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ऋषिकेशच्या नगरहद्दीत दारू आणि मांस दोन्हीला बंदी आहे. हद्दीबाहेर कुठे मिळतं ते तुम्ही मला विचारणार, मी सांगणार नाही, आणि तुम्ही शोधून काढणार. फक्त राफ्टिंगच्या आदल्या रात्री नको. सात दिवस राजमा-चावल आणि आलू-पुरी खाऊन कुणी मेलेलं नाही.

प्रश्न : बाई, आम्ही २०१३मध्ये शिवपुरीला नदीकाठच्या वाळूवर तंबूत राहिलो होतो. रात्रभर नदीचा आवाज. पुन्हा तसंच राहायचंय, पण कुणीच अगदी काठावर देत नाही. ओळखीनं जमेल का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : जमवू नका. त्या काळी मीही तसेच राहिले होते. काठाकाठानं तंबूंची रांग, शेकोट्या, रात्री बारापर्यंत गाणी. सकाळी चालायला निघाल्यावर वाळूत काय काय रुतलेलं दिसायचं ते या सदरात लिहिण्यासारखं नाही. २०१५च्या डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादानं कौडियाला ते ऋषिकेश पट्ट्यातले वाळूवरचे तंबू बंद केले. गाइड मंडळी तेव्हा चिडली होती, रोजगार गेला म्हणून, आणि त्यांचं चुकीचं नव्हतं. आता तंबू काठापासून वर, झाडीत असतात. नदीचा आवाज तिथेही येतो, फक्त जरा उशिरा, बाकीचे झोपल्यावर.

प्रश्न : मला जाड भिंगाचा चष्मा आहे. राफ्टिंगला लेन्स लावू की चष्मा?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : लेन्स नको, पहिल्याच लाटेला डोळ्यात पाणी जाईल. जुना चष्मा घाला आणि दोन्ही काड्यांना मागून दोरी बांधा. तिथे दुकानात मिळते, नाहीतर परकराची नाडी चालते. मी दुसऱ्या खेपेपासून नाडीच बांधते. पहिल्या खेपेचा चष्मा गोल्फ कोर्सच्या तळाशी आहे, नंबर उणे साडेचार.